डेलीमेड: गोळी कुणाची, हे शोधून देणारी सेवा

अमेरिकेत बीपीची जेनेरिक गोळी घेणाऱ्यांना एखाद्या रिफिलला अचानक वेगळ्याच रंगाची गोळी मिळते. औषध तेच, कंपनी बदललेली. फार्मसीच्या नारिंगी बाटलीवर उत्पादकाचं नाव तीन-चार अक्षरांत उरकलेलं असतं. अशा वेळी नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय ग्रंथालयाची डेलीमेड ही मोफत सेवा भरवशाची, कारण तिथली लेबलं, म्हणजे औषधांची माहितीपत्रकं, कंपन्यांनीच एफडीए या औषध नियामक संस्थेकडे दिलेली असतात.

नुसतं ‘लिसिनोप्रिल’ असं बीपीच्या औषधाचं नाव टाकलंत तर नोंदींचा ढीग अंगावर येतो. त्यापेक्षा एनडीसी, म्हणजे औषधाचा ओळख क्रमांक टाका. तो १० अंकी, तीन तुकड्यांचा: कंपनी, औषध व त्याची ताकद, पॅकिंग. बाटलीवर मात्र अनेकदा बिलासाठीचा ११ अंकी, ५-४-२ असा क्रमांक असतो. एका तुकड्याच्या सुरुवातीला शून्य भरून तो बनवतात. शोध रिकामा आला तर ते शून्य काढून बघा.

खरी गोम पहिल्या तुकड्यात आहे. तो लेबल लावणाऱ्या कंपनीचा; गोळी तिनेच बनवली असेल असं नाही. ६८१८० म्हणजे ल्युपिन. पण ब्रायंट रँच प्रीपॅकसारखी नावं रीपॅकरची, म्हणजे दुसऱ्याच्या गोळ्या आपल्या बाटल्यांत भरणाऱ्यांची. डेलीमेड हे नाव शीर्षकातच ठळक दाखवतं आणि नवखा माणूस तिथेच फसतो. मांडणीतला हा मोठाच दोष. पानाच्या तळाशी ‘इन्ग्रेडियंट्स अँड अपिअरन्स’ तक्ता उघडा. रीपॅकरच्या नोंदीत आयटम कोडशेजारी कंसात मूळ एनडीसी दिलेला असतो. तो पुन्हा शोधा. लेबलवर ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड फॉर’ यांतला फरकही नीट वाचा.

त्याच तक्त्यात रंग, आकार, मिलिमीटरमधलं माप आणि गोळीवरची अक्षरं असतात. ती हातातल्या गोळीशी ताडून बघा. गोळ्यांचे फोटो शोधून देणारी पिलबॉक्स ही याच लायब्ररीची सोय २०२१ मध्ये बंद झाली, ती उणीव अजून जाणवते.

कच्चा माल कुणाचा, हे मात्र इथे सहसा कळत नाही. २०१८ मध्ये व्हलसार्टन या बीपीच्या औषधात एनडीएमए ही कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी सापडली तेव्हा मूळ द्रव्य चीनच्या झेजियांग हुआहाईचं होतं, बाटल्यांवर नावं वेगवेगळ्या कंपन्यांची. शिवाय रिकॉल, म्हणजे औषध बाजारातून परत मागवणं, बहुधा लॉट (उत्पादनाच्या खेपेच्या) क्रमांकावर ठरतं आणि तो फार्मसीच्या बाटलीवर अनेकदा नसतो. तो फार्मासिस्टलाच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी परस्पर बंद करू नका.