चांदी खरी, अक्षर खोटं

खोटं नाणं म्हणजे खोटा धातू, एवढीच माझी समजूत होती. त्या समजुतीनेच मला बुडवलं.

अमेरिकेच्या मॉर्गन डॉलर या जुन्या चांदीच्या नाण्यांमधलं 1893 सालचं, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं नाणं ही संग्राहकांची जुनी हाव. त्या वर्षी तिथे फक्त 1 लाख नाणी पडली. मागच्या बाजूला, पुष्पचक्राखाली, ‘एस’ हे इवलंसं अक्षर असतं. ते असलं की किंमत चांदीच्या भावाच्या कैक पट. नसलं, तर ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं नाणं. तेही काही रस्त्यावर पडलेलं नसतं, पण दोघांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक.

मला ‘एस’वालं नाणं विकणारा माणूस गोड बोलायचा. आजोबांच्या पेटीतलं आहे म्हणाला, आणखी एक गिऱ्हाईक थांबलंय हेही म्हणाला. (गिऱ्हाईक नेहमीच थांबलेलं असतं!) मी स्वतःला हुशार समजत वजनकाटा काढला: 26.73 ग्रॅम. व्यास 38.1 मिलिमीटर. चुंबक चिकटलं नाही. बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारली तर लांब, स्वच्छ नाद. सगळं चोख. पैसे तिथेच देऊन मोकळा झालो.

महिन्याभराने एका जाणत्या संग्राहकांना ते कौतुकाने दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि फक्त पुढची, चेहऱ्याची बाजू पाहिली. ‘एस’ बघायला नाणं उलटलंसुद्धा नाही. “तुमचं नाणं फिलाडेल्फियाचं आहे,” एवढंच म्हणाले.

कारण असं की, ही 1 लाख नाणी पुढच्या बाजूला एकाच ठशातून निघाली. त्या ठशाच्या खुणा ठरलेल्या आहेत. सालातला 1 कडेच्या बारीक दात्यांपैकी एकाच्या बरोबर डोक्यावर बसतो आणि ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘टी’वर एक बारीक उठावदार रेघ असते. माझ्या नाण्यावर रेघ नव्हती, 1 दोन दात्यांच्या मध्ये होता. मग त्यांनी ते उलटून भिंग माझ्या हातात दिलं. ‘एस’च्या पायाशी केसाएवढी काळसर फट, जणू अक्षर नाण्यावर आणून ठेवलंय. दुसऱ्या स्वस्त नाण्यावरून कापून चिकटवलेलं! नाणं टांकसाळीचंच, म्हणून माझ्या सगळ्या चाचण्या खऱ्या ठरल्या. मी धातू तपासत बसलो, आणि पैसे मात्र अक्षराचे मोजले होते.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “जसं आहे तसं दिलं, तुम्ही बघूनच घेतलंत.” पावतीवर ना साल, ना टांकसाळ. नुसतं ‘जुनं चांदीचं नाणं’. पुढचे फोन त्याने उचललेच नाहीत.

तेव्हा दुर्मिळतेचे पैसे मोजणार असाल, तर पावतीवर साल, टांकसाळ आणि ‘अस्सल नसल्यास परत’ हे शब्द लिहून घ्या. नाणं सीलबंद डबीत असेल तर डबीवरचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या नोंदीत शोधा, आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ओरखड्यासकट ताडून बघा. नुसता क्रमांक कुणीही छापतो. गुंतवणूकच करायची असेल, तर धातूच्या भावाच्या जवळपास मिळणारी साधी नाणी बरी. तिथे काटा आणि चुंबक निदान थोडेफार कामाला तरी येतात.

परवा त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. तेच निळं मखमली कापड, आणि त्यावर 1889 चा डॉलर, या खेपेला कार्सन सिटीच्या ‘सीसी’ छापाचा. फोटो फक्त मागच्या बाजूचा आहे.