किनाऱ्यावरचा घोडा, घोडागाडी की रेसकोर्सची नोकरी?

मे महिन्यात नागाव-काशीदच्या वाळूत घोडेवाल्यांची धावपळ बघून ‘आपणही एक घोडा घ्यावा’ असं वाटत असेल, तर आधी ऑगस्टचा हिशेब मांडा. पर्यटक नाहीत, समुद्र खवळलेला, पण चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक, चालूच. 300 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 किलोच्या आसपास सुका चारा-खुराक लागतो. पावसाळ्यात गवत फुकट मिळतं, पण नुसत्या ओल्या गवतावर काम करणारा घोडा टिकत नाही. भाताचा पेंढा घरचा असला तरी तो गुरांना ठीक, घोड्याला पचत नाही.

पाठीवरच्या सवारीला भांडवल सगळ्यात कमी. पण एका वेळी एकच गिऱ्हाईक, त्यात घासाघीस, आणि लगाम धरून वाळू तुडवायची तुम्ही. खाऱ्या पाण्याने भिजलेला तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, कातडी सोलतो. खोगीर उतरवल्यावर पोटाजवळ केस उडालेली गुलाबी पट्टी दिसली, की जखम भरेपर्यंत धंदा बंद. रोज गोड्या पाण्याने धुणं, खरारा, दीड-एक महिन्याने नालबंद, हे वेगळंच.

घोडागाडी परवडते, कारण खेपेला अख्खं कुटुंब बसतं. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत गाड्या जातात. गोम अशी, की अमावास्या-पौर्णिमेला पाणी भरपूर हटतं, पण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा पाहुणे एकतर झोपलेले, नाहीतर परतीच्या वाटेवर. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी; पाणी पुरतं हटतच नाही. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून कमाईचे दिवस तृतीया-चतुर्थीचे, आणि त्यात शनिवार-रविवार आला तर नशीब! शिवाय जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त, किंवा सलग 5 तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही.

रेसकोर्सवर मोतद्दाराची, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याची, नोकरी धरली तर हंगामाची चिंता मालकाची. शर्यती नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत आणि जुलै ते ऑक्टोबर पुण्यात, म्हणजे आपला किनारा ओस पडतो तेव्हाही पगार चालू. पहाटेच्या अंधारात उठावं लागतं, गाव सुटतं, घोडा दुसऱ्याचा. पण शिकायला मिळतं ते किनाऱ्यावर कुणी शिकवत नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ एका रात्रीत जीव घेतो. लीद थांबली, पोटाकडे वळून बघायला लागला, की कळलं पाहिजे. आपल्याकडचे पशुवैद्य बहुतेक गाई-म्हशींचे. आणि ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग निघाला तर औषध नाही, लस नाही, कायद्याने जनावर मारावंच लागतं. एकाच घोड्यावर संसार असेल तर सगळं भांडवल एका दिवसात मातीत.

माथेरानचा पर्याय मी धरलेला नाही; तिथे डिसेंबर 2022 पासून ई-रिक्षा आल्या आहेत, घोडेवाल्यांचं पुढे काय होतं ते आधी बघावं.

माझं मत विचाराल तर तरुण आणि एकटे असाल तर आधी पागेत दोन वर्षं काढा, मग गाडी. सवारीचा घोडा ज्यांच्या घरी वाडी किंवा होमस्टेचं उत्पन्न आहे त्यांनीच घ्यावा; लग्नाच्या वरातींतून थोडाफार हातभार लागतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो, नाताळच्या गर्दीच्या तोंडावर. पण तिथून आणलेला घोडा त्याच हंगामात पोरांना बसवायला काढू नका. त्याने लाट पाहिलेली नसते.