आयअर्नचं हॉलिडे कार्ड एक्सचेंज: पाचवी ते आठवीच्या वर्गासाठी घ्यावं का?

परदेशी शाळांबरोबर सणांची देवाणघेवाण पहिल्यांदाच करायची असेल तर आयअर्नचा हा प्रकल्प जरूर घ्यावा. आयअर्न (iEARN) ही जगभरच्या शाळांना एकत्र प्रकल्प करण्यासाठी जोडणारी जुनी संस्था आहे. १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडून तिची सुरुवात झाली. भारतातलं केंद्र पुण्यात आहे. साधारण सहा ते आठ शाळांचा गट लावून देतात आणि प्रत्येक शाळेने बाकीच्यांना हाताने केलेली शुभेच्छापत्रं चक्क टपालाने पाठवायची.

घोळ होतो वेळापत्रकात. पाकिटं नोव्हेंबरात निघायला हवीत, आणि त्याच सुमारास आपल्याकडे सत्र परीक्षा, पाठोपाठ दिवाळीची सुट्टी. म्हणून कार्डं नवरात्रातच उरकावीत. ऑस्ट्रेलियातल्या शाळा डिसेंबरच्या मध्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत बंद असतात. तिथलं पाकीट सगळ्यात आधी टाका.

पस्तीस मुलांचं प्रत्येकी एक कार्ड, समोर सात शाळा, म्हणजे प्रत्येक पाकिटात पाच कार्डं. २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद मधोमध दुमडला की कार्ड साडेबारा ग्रॅमचं होतं. पत्र आणि पाकीट धरूनही वजन शंभर ग्रॅमच्या आसपास राहतं. मग मुलं त्यावर डाळ-तांदूळ चिकटवतात! वजनाचं एक वेळ सोडा, पण धान्य, आपट्याची पानं, तिळगूळ असलं काही ऑस्ट्रेलियासारख्या देशात तपासणीत अडकतं. रांगोळीची पुडी तर नकोच नको. परक्या देशात पाकिटातून पांढरी पूड सांडली तर काय गहजब होईल, सांगायला नको. रांगोळी रंगीत पेन्सिलींनी काढा. आकाशकंदील सपाट घडीचा करा.

भाषेच्या बाजूने मात्र प्रकल्प लंगडा आहे. सगळेच सोयीने इंग्रजीत लिहितात. त्यावर तोडगा सोपा: शुभेच्छा देवनागरीत, खाली रोमन लिपीत उच्चार, मग इंग्रजी अर्थ. जमल्यास मुलांच्या आवाजातल्या शुभेच्छांचा क्यूआर कोड चिकटवा. दुवा लॉगिनशिवाय उघडतो ना, ते दुसऱ्याच्या फोनवर तपासून घ्या. सोबतच्या पत्रात दिवाळीवरचा पाठ्यपुस्तकी निबंध नको, त्याला कोण उत्तर देणार? त्यापेक्षा विचारा: सणाच्या दिवशी तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं? शाळेला सुट्टी किती?

मुलांची फक्त पहिली नावं लिहावीत, घरचे पत्ते अजिबात नकोत. उत्तरं एकगठ्ठा येत नाहीत, काही पाकिटं जानेवारीतही उगवतात. तेव्हा प्रदर्शनाची तारीख ठरवून अडकून बसू नका. भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि येईल तसं एकेक कार्ड डकवत जा.