सात दिवसांचा गोळ्यांचा डबा: घ्या, पण आधी स्ट्रिप उलटून पाहा

मेडिकलमध्ये मिळणारा हा प्लास्टिकचा डबा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सोम ते रवि सात कप्पे, आणि मोठ्या प्रकारात दिवसाच्या चार वेळा धरून २८. दिवसाला पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या घरी तो खरोखर कामाचा. कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली हे कळतं आणि तीच गोळी दोनदा पोटात जात नाही. या कामाला पूर्ण गुण. गोळी टिकवण्याच्या कामात मात्र तो नापास होतो.

दोष प्लास्टिकचा नाही. हे डबे बहुधा पॉलीप्रॉपिलीनचे असतात आणि त्यातून ओल फारशी झिरपत नाही. ती शिरते झाकणाच्या फटीतून, कारण तिथे रबराची कड नसते. एका कप्प्यात चार कुरमुरे ठेवून, झाकण लावून, पावसाळ्यात रात्रभर डबा बाहेर राहू द्या. सकाळी कुरमुरे सादळलेले निघाले तर गोळ्याही सादळणार. सिलिका जेलची पुडी टाकून भागत नाही. १ ग्रॅम जेल साधारण ०.३ ग्रॅम पाणी धरतं, आणि झाकण तर रोज उघडतं.

म्हणून डबा भरण्याआधी स्ट्रिप पाहायची. पुढून पारदर्शक फुगे आणि मागे चांदी असेल तर ते साधं ब्लिस्टर: साधारण २५० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पीव्हीसी प्लास्टिक आणि २०-२५ मायक्रॉनचा अ‍ॅल्युमिनियम. पीव्हीसीतून थोडी ओल आत जातेच. जास्त संरक्षण हवं असेल तिथे पीव्हीसीवर पीव्हीडीसी या ओल जास्त अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर देतात. दोन्ही बाजूंनी धातू आणि खोल घडवलेले खळगे दिसले तर ते अ‍ॅलु-अ‍ॅलु. यात नायलॉन, साधारण ४५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनियम आणि पीव्हीसी असे तीन थर असतात आणि खळगा उष्णतेशिवाय, दाबून घडवतात. धातू प्लास्टिकइतका ताणला जात नाही, ताणला तर फाटतो. म्हणून खळगा पसरट ठेवावा लागतो आणि दहा गोळ्यांची स्ट्रिप हातभर वाटते. ग्राहकाला ती फसवणूक वाटते, पण ती धातूची गरज आहे. कंपनी हा महाग माल उगाच वापरत नाही. अ‍ॅलु-अ‍ॅलुतली गोळी डब्यात मोकळी टाकू नका, एवढा एक नियम पाळला तरी बरंचसं नुकसान टळतं.

रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टन याचं ठळक उदाहरण. ती हवेतली ओल ओढते, म्हणून घेण्याच्या क्षणीच स्ट्रिपमधून काढायची असते. नेमकी हीच गोळी सात-सात काढून डब्यात भरली जाते. फिट्ससाठीचं सोडियम व्हॅल्प्रोएट, अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकसोबतचं क्लॅव्हुलॅनेट, रक्त पातळ ठेवणारं डॅबिगॅट्रान यांचंही तसंच. हृदयविकारात छातीत दुखल्यावर घ्यायची नायट्रोग्लिसरिनची जिभेखालची गोळी तर प्लास्टिकात ठेवूच नये. औषध उडून जातं आणि प्लास्टिकमध्ये मुरतं, म्हणून ती मूळ काचेच्या बाटलीतच हवी. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ओलीने तिचं विघटन सुरू झालंय, टाकून द्या. जिलेटिनच्या कॅप्सूल दमट हवेत चिकटतात आणि फार कोरड्या हवेत तडकतात. साध्या ब्लिस्टरमधली मधुमेहाची मेटफॉर्मिन आठवडाभर डब्यात राहिली तर फारसं बिघडत नाही.

मग स्ट्रिप कात्रीने कापून खळग्यासकट कप्प्यात ठेवावी का? गोळ्या दुसरं कोणी काढून देत असेल तरच. खळग्याभोवती चार-पाच मिलिमीटर चिकटलेली कड सोडा, नाहीतर सील उघडून सगळा खटाटोप वाया जातो. टोकं गोल करा. नजर अधू असलेल्या किंवा विसराळू माणसाला सुटा खळगा देऊच नका. तो गोळीसकट गिळला जातो आणि त्याच्या धारदार कडेने अन्ननलिकेला भोक पडू शकतं. या धोक्यामुळेच जपानमधल्या स्ट्रिप १९९६ पासून एकेक गोळी सुटी तुटणार नाही अशा बनवतात. अशा घरी डब्यापेक्षा अख्खी स्ट्रिप बरी: मागच्या चांदीवर मार्करने वार लिहा, छापील मजकूर न झाकता.

तो मजकूर जपायलाच हवा. डब्यातल्या गोळीला बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या लेबलवर बंधनकारक असलेला क्यूआर कोडही तिथे नाही. रिकामी होईपर्यंत स्ट्रिप फेकू नका. कापलेली स्ट्रिप विकत घेताना एक्स्पायरीचा तुकडा मागून घ्या.

विकत घेताना प्रत्येक झाकण उघडून-मिटून पाहा: टक् असा आवाज येऊन घट्ट बसलं पाहिजे आणि डबा उलटा हलवला तरी उघडता कामा नये. अपारदर्शक किंवा गडद रंगाचा घ्या, रक्तदाबाच्या निफेडिपिनसारखी औषधं उजेडाने खराब होतात. लहान मूल ही झाकणं सहज उघडतं, त्यामुळे डबा उंचावर. एका वेळी सात दिवसांहून जास्त भरू नका, आणि धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय, म्हणजे किमान एक दिवस, त्यात गोळी टाकू नका. बिजागरीच्या खाचेत पाणी शेवटपर्यंत राहतं.