शास्त्री रोडच्या मागची मेस: आमटी गोड आहे, पण इथं 'सांबार' मागता येतो

मी अकोल्याची, यूपीएससीसाठी पुण्यात येऊन दोन वर्षं झाली. ही माझी चौथी मेस, आठ महिने झाले इथं जेवतेय. शास्त्री रोडच्या मागच्या गल्लीत जुन्या वाड्यात आहे, बोर्ड नाही, काकूंची मेस म्हणून विचारायचं.

आधी जेवणाचं सांगते. दोन वेळचे महिन्याला 3200, पोळ्या गरम आणि अनलिमिटेड, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. कोबी जरा जास्तच वेळा असतो. आमटीत गूळ घालतात, तो मला अजून झेपत नाही, पण मागितला की ठेचा मिळतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापणं) मात्र सलग तीन दिवस आला नाहीत तरच धरतात, हे मला पटत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्या मेसमध्ये मी म्हटलं भाजीवर थोडा सांबार टाका, तर वाढणारा म्हणाला सांबार इडलीसोबत असतो आणि अख्खं टेबल हसलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू. मग रोजचंच झालं ते, 'काऊन' (म्हणजे का), 'काय करून राहिली' अशी माझी नक्कल, मुली वाईट नव्हत्या पण मला घास उतरायचा नाही. दोन महिन्यांत मी कोथिंबीर, बटाटा, 'करतेय' सगळं शिकले आणि दिवाळीत घरी गेले तर आई म्हणाली, अशी पाहुण्यासारखी काऊन बोलून राहिली तू? त्या रात्री खूप रडले.

यूपीएससीला माझा ऑप्शनल, म्हणजे निवडीचा विषय, मानसशास्त्र, त्यात सॉलोमन ॲशचा 1951 चा प्रयोग येतो. कुठली रेघ किती लांब एवढंच सांगायचं, पण बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देतात, आणि समोर स्पष्ट दिसत असूनही चारातले तीन जण एकदा तरी त्यांच्यासारखंच बोलले. परीक्षेसाठी सगळे एवढंच पाठ करतात. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो, गटातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं तरी एक तृतीयांशाच्या आसपास असलेली चुकीची उत्तरं 5-6 टक्क्यांवर आली.

इथं दुसऱ्याच दिवशी यवतमाळचा एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, काकू, आलूच्या भाजीवर सांबार टाका ना अजून. काकू भोरच्या, पण त्यांनी गपचूप मूठभर टाकला, कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, मले पण. वर्षभरानं तोंडातून 'मले' निघालं होतं.

नवीन कोणी आलं की काकू विचारतात, तुमच्याकडे याला काय म्हणतात गं? लातूरचे, जळगावचे, सगळे आपापलं बोलतात, कोणी कोणाला सुधारत नाही. एकटी मुलगी भिंतीकडच्या बाकावर पुस्तक वाचत जेवली तरी कोणी टोकत नाही. साडेबारानंतर गर्दी होते, बाराला जा.