तोरणमाळची ऑर्डर आणि बुडालेले 40,000 रुपये

शहाद्यात माझं छोटं दुकान आहे. पुढे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, मागे एडिटिंगचा कॉम्प्युटर. लग्नसराई सुरू झाली की दुकानाला कुलूप आणि मी दोंडाईचा, शिरपूर, तळोदा असा फिरतीवर. बारा वर्षं हेच करतोय. हे आधी सांगतो, कारण नवीन पोरंच फसतात असं मलाही वाटायचं.

तुळशीच्या लग्नाआधी एक फोन आला. सुरतकडचा वेडिंग प्लॅनर म्हणे. मराठी चांगली, मधूनच गुजराती. माझे प्रकाशा गावच्या घाटावरचे फोटो त्याने इन्स्टाग्रामवर पाहिले होते. शिरपूर तालुक्यातली पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, तोरणमाळला एक दिवस प्री-वेडिंग, नंतर हळद आणि लग्न असे दोन दिवस. प्री-वेडिंगचे 15,000, लग्नाचे 30,000. मी आकडा सांगितला आणि त्याने घासाघीस केली नाही. तिथेच थांबायला हवं होतं. आमच्याकडे वांगी घेतानासुद्धा माणूस दोन रुपये कमी करून मागतो, हा 45,000 ला एका दमात हो म्हणाला. पण 5,000 आगाऊ आले, खात्यात खरोखर आले, आणि माझा विश्वास बसला. तेव्हा मला ते पाच हजार म्हणजे बयाना वाटला. खरं तर तो गळाला लावलेला गांडूळ होता.

एक अट होती: पार्टीशी डायरेक्ट बोलायचं नाही, नंबर द्यायचा नाही. यात मला काहीच खटकलं नाही, कारण आमच्या धंद्याचा हा रिवाजच आहे. दुसऱ्याच्या ऑर्डरीवर रोजाने जायचं तर त्याचं गिऱ्हाईक फोडायचं नाही. मीही माझ्या हाताखालच्या पोरांना हेच शिकवतो. फरक एवढाच, की या वेळी त्या सभ्यपणामुळे मुलीच्या वडिलांना आणि मला एकमेकांचा पत्ता नव्हता. मधला माणूस दोघांना वेगवेगळं काय सांगतोय हे कळायला वाटच उरली नाही.

तोरणमाळचा दिवस मात्र झकास गेला, हे कबूल करतो. सातपायरी घाट पहाटे अंधारात चढलो, यशवंत तलावावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. जोडप्यांना मी पोझ देऊन उभं करत नाही. त्यांना चालायला लावतो आणि नवऱ्या मुलाला सांगतो, हिला तुझ्या शाळेतली एखादी फजिती सांग. तो सांगायला लागला की मुलगी कॅमेरा विसरते. ही मुलगी सकाळी इतकी बुजलेली होती की पदर सोडत नव्हती, दुपारपर्यंत मोकळी झाली. दुपारी उन्हात मी शूट करत नाही, डोळ्यांखाली काळं पडतं. चारनंतर सीताखाईकडे गेलो. मावळतीचं ऊन तिरपं येत होतं, 70-200 ची लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने आणली होती, मागची दरी मऊ धूसर दिसत होती. प्लॅनर स्वतः रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवणारा पडदा, धरून उभा होता. केवढा कामसू माणूस, असं वाटलं मला.

लाइट गेल्यावर त्याचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. कार्ड द्या दादा, कॉपी करून देतो. मी दिलं. पंधरा-वीस मिनिटांनी कार्ड परत आलं, वर "उद्यासाठी रिकामं करून दिलंय" हेही. प्लॅनरने मोबाइल पुढे केला: माझं नाव, 15,000, हिरवी बरोबरची खूण, वेळ 5:12. माझ्या फोनला रेंज नव्हती. म्हणाला, घाट उतरला की मेसेज पडेल.

घाट उतरलो. म्हसावदपर्यंत आलो, मेसेज नाही. आणि गाडी चालवताना डोक्यात आलं, की दुपारी हाच माणूस माझ्याकडे हॉटस्पॉट मागत होता, कारण त्याच्याही फोनला रेंज नव्हती. मग पैसे गेले कुठून? सीताखाईत उडी मारून?

रात्री फोन केला. "अरे भाऊ, फेल झालं, माझ्याकडे परत आलं. लग्नात सगळं एकदम कॅश." इथे वाचणारे म्हणतील, मग लग्नाला गेलास कशाला? बरोबर आहे. पण पंधरा हजार अडकले होते, लेन्सचं भाडं अंगावर होतं, आणि खरं सांगायचं तर त्या मुलीला मी दिवसभर हसवलं होतं. ऐन लग्नात फोटोवालाच आला नाही, असं तिच्या बाबतीत करवत नव्हतं.

हळद झाली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती बसल्या. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, तुपाची धार. तोच पोरगा पुन्हा आला: दादा, तुम्ही जेवून घ्या, तोवर हळदीचं आणि लग्नाचं कॉपी करतो. दोन दिवसांचं सगळं एकाच 128 जीबीच्या कार्डात होतं. माझ्या कॅमेऱ्याला दोन स्लॉट आहेत, पण मी ते ओव्हरफ्लोवर ठेवले होते, म्हणजे पहिलं भरलं की दुसऱ्यात. बॅकअपवर ठेवले असते तर प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांत पडला असता. सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागतं. बारा वर्षांत कार्ड खराब झालं नव्हतं म्हणून मी ते अर्धं मिनिट वाचवत आलो.

कार्ड रिकामं होऊन आलं, मी कॅमेऱ्यात घातलं आणि त्याच कार्डावर पाठवणी शूट केली. मुलगी वडिलांच्या गळ्यात पडली, आजीने तिच्या तोंडावरून हात फिरवले, सगळं टिपलं. वळून बघतो तर प्लॅनर नाही, पोरगा नाही, त्यांची गाडी नाही. फोन बंद.

एका माणसाचे पैसे तेवढे बुडाले नाहीत. ड्रोनवाला, तेवीस वर्षांचा पोरगा. तोरणमाळलाच त्याने नखाएवढं मायक्रो कार्ड काढून शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाला, "आधी पैसा, मंग कार्ड." प्लॅनरने हसत हसत त्याला रोख दिले. तेव्हा मला तो पोरगा उर्मट वाटला होता.

महिन्याभराने मुलीच्या वडिलांचा फोन आला. ड्रोनवाल्याकडून नंबर मिळवला होता. "भाऊ, आल्बम कव्हय भेटी?" मी गप्प. मग ते जरा थांबून म्हणाले, "तुनाकडे मनी पोरना फोटू शेतस का?" तुझ्याकडे माझ्या मुलीचे फोटो आहेत का, असं विचारत होते. त्या दिवशी कळलं की त्यांनी प्लॅनरला फोटो, व्हिडिओ, अल्बम सगळ्याचे मिळून 1,80,000 दिले होते. शेवटचा हप्ता लग्नाच्या दिवशी, पंगत चालू असताना, रोख. घरी गेलो तेव्हा त्यांनी पावत्या दाखवल्या. रंगीत छपाई, सोनेरी अक्षरं, पण पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, खाली नुसती वेडीवाकडी सही.

फोटो मात्र सगळे गेले नव्हते. साधा फॉरमॅट केला की कार्डावरची यादी पुसली जाते, फोटो तिथेच पडून राहतात. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मग ते जातात. तोरणमाळचं 64 जीबीचं कार्ड मी बॅगेत टाकलं होतं, पुन्हा वापरलंच नव्हतं. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते रात्रभर चालवलं. सकाळी फोल्डर उघडला तर प्री-वेडिंगचे जवळपास सगळे फोटो. फाइलींची नावं गेली, त्याजागी लांबलचक आकडे, पण फोटोच्या आतली तारीख-वेळ शाबूत. लग्नाच्या कार्डाचं तसं नव्हतं. पाठवणी त्याच्यावरच शूट केलेली, ती हळदीच्या उरावर बसली. लग्न लागतानाचे बरेच निघाले, व्हिडिओचे तुकडे निघाले पण चालत नाहीत, आणि हळदीचे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. कुणाचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं असेल तर आधी ते कॅमेऱ्यातून काढा. एकही फोटो काढू नका. बाकीचं नंतर.

त्या तोरणमाळच्या फोटोंत एक फ्रेम सापडली. मुलीवर फोकस, आणि कडेला प्लॅनर, दोन्ही हातांनी रिफ्लेक्टर धरलेला. वेळ 5:12. म्हणजे ज्या मिनिटाला तो मला पैसे पाठवत होता, त्या मिनिटाला त्याचे दोन्ही हात माझ्यासमोर होते. कॅमेऱ्याचं घड्याळ मिनिट-दोन मिनिटं पुढेमागे असू शकतं, त्यामुळे पुरावा म्हणून त्याची किंमत किती ते तपास करणारे ठरवतील. पण मी ती फ्रेम बराच वेळ बघत बसलो.

आम्ही दोघं मिळून पोलिसांत गेलो. अर्ज दिला, पावत्या, स्क्रीनशॉट, कॉलची यादी जोडली. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे, जुनं 420 तोंडात बसलंय एवढंच. ज्यांचे पैसे ऑनलाइन गेले असतील त्यांनी 1930 या सायबर हेल्पलाइनच्या नंबरला लगेच फोन करावा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आमचं बहुतेक रोखीत गेलेलं आणि महिना उलटलेला, त्यामुळे तो रस्ता बंद होता.

फोटो कुणाचे, हाही प्रश्न निघाला. प्लॅनर सापडला असता तर माझे म्हणाला असता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. आता या सगळ्यात खरोखर पैसे मोजले ते एकट्या मुलीच्या बापाने. मी पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. हळदीसाठी नातेवाइकांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून सरळ केले, अंधारातले उजळले. ते मला पैसे देत होते, मी फक्त अल्बमच्या छपाईचे घेतले.

आता मी दुसऱ्याच्या ऑर्डरीवर जातो तेव्हा कामाच्या आधी वधूच्या किंवा वराच्या घरच्या एका माणसाला भेटतो, नंबर घेतो, आणि हे प्लॅनरसमोरच करतो. ज्याचा व्यवहार स्वच्छ असतो तो काही बोलत नाही. पैशाचा स्क्रीनशॉट बघत नाही, बँकेच्या ॲपमधली शिल्लक बघतो, आणि रेंज नसेल तर कार्ड माझ्याबरोबर रेंजमध्ये येतं. दोन्ही स्लॉट बॅकअपवर. एक कार्ड देतो, दुसरं घरी नेतो. मागच्या महिन्यात एक मोठा स्टुडिओवाला यावर चिडला, ऑर्डर गेली. जाऊ दे.

हिशेब असा: येणे 40,000, लेन्सचं तीन दिवसांचं भाडं 4,500, असिस्टंटचे 3,000, पेट्रोल वेगळं. तोरणमाळचं ते कार्ड मी पुन्हा वापरलेलं नाही. पाकिटात घालून, वर तारीख लिहून, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, तपासात मागितलं तर द्यायला. चांगलं कार्ड आहे. त्याचेही पैसे यातच धरा.