रोमनंतर फ्लॉरेन्स की व्हेनिस?

रोम तर करायचंच. प्रश्न असतो तो उरलेल्या अर्ध्या सुट्टीचा. आठवडाभरात तिसरं शहर कोंबायचा मोह आवरा, एवढं सांगून थेट मुद्द्यावर येतो.

रोमच्या मुख्य स्टेशनाहून, रोमा तेर्मिनीहून, वेगवान गाडीनं फ्लॉरेन्स दीड तासावर, व्हेनिस साधारण चार तासांवर. फ्रेच्चारोसा घ्या नाहीतर इतालो, डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही. अडचण आपल्या बाजूची आहे. स्वस्तातली तिकिटं आधी काढावी लागतात, बहुतेकदा त्यांचे पैसे परत मिळत नाहीत, आणि पासपोर्ट तर अजून व्हिसासाठी दिलेला. फ्लॉरेन्सला निदान रेजिओनालेची, म्हणजे तिथल्या पॅसेंजर गाडीची, सोय आहे. थांबत थांबत जाते, साडेतीन-चार तास घेते, पण ऐनवेळी तिकीट काढलं तरी भाडं तेवढंच. व्हेनिसला तसं जायचं म्हटलं तर गाड्या बदलण्यातच दिवस जातो.

तरीही एवढ्यावरून मी व्हेनिसवर काट मारली नसती. माझ्यापुरता निकाल लागला तो पायऱ्यांवर.

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलात की समोर ग्रँड कनाल. त्या पहिल्या दर्शनाला तोड नाही, हे मान्यच. पण पुढच्याच मिनिटाला हॉटेल गाठायचं असतं. वापोरेत्तोला, म्हणजे तिथल्या बोटीला, माणशी साडेनऊ युरो, तेही 75 मिनिटांसाठी. त्यातून उतरल्यावर गल्ल्या, आणि गल्लीगल्लीला पूल. पूल दिसायला चिमुकले, पण जवळजवळ सगळे पायऱ्यांचे: चढा, दोन पावलं सपाट, की उतरा. नकाशावर हॉटेल हाकेच्या अंतरावर, वाटेत तीन पूल, आणि माझ्या हातात भाजणी-मेतकुटानं फुगलेली तेवीस किलोंची बॅग. आई सोबत होती. तिच्या गुडघ्यांना चढणं एकवेळ चालतं, उतरणं नाही. ती कठड्याला धरून आडवी होऊन एकेक पायरी उतरायची, आणि मागे पर्यटकांची रांग तुंबायची. बॅगा काय, येता-जाताच उचलायच्या. गुडघे मात्र रोज सोबत, आणि सकाळच्या कॉफीलाही पूल ओलांडावा लागे.

यावर हमखास सुचवला जाणारा तोडगा म्हणजे मेस्त्रेत, खाडीअलीकडच्या जमिनीवरच्या उपनगरात, राहा. स्वस्त पडतं, गाडीनं दहा मिनिटांत व्हेनिस. पण दिवसापुरती आलेली गर्दी ओसरल्यावरच ते शहर खरं भेटतं. नेमकं तेव्हाच मेस्त्रेची गाडी पकडायची असेल, तर माझ्या मते त्यात राम नाही.

फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन गावातच आहे. दुओमोपर्यंत, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चपर्यंत, रमतगमत दहा-पंधरा मिनिटं, सगळी सपाट वाट. फरसबंदीवर चाकं खडखडतात, तेवढंच. पायऱ्या तिथेही आहेत. दुओमोवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला 463, लिफ्ट नाही. पण त्या ऐच्छिक! आम्ही वर गेलो, आई खाली जेलातो खात बसली. शिवाय त्याच खोलीतून पिसा, लुक्का, सिएना होतात. सिएनाला मात्र ट्रेनपेक्षा बस बरी, वरती गावाजवळ सोडते.

फ्लॉरेन्समध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. उफित्झी आणि मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचं अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद, त्यामुळे रविवार-सोमवारचा मुक्काम नकोच. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापतात, आपल्यालाही उकडतं. शाकाहाऱ्यांना पाव-भाज्यांची रिबोल्लिता आणि टोमॅटोची पाप्पा अल पोमोदोरो आधार देतात. मासे खाणाऱ्यांचं पारडं व्हेनिसकडे झुकेल. कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या तारल्या, सार्दे इन साओर, आमच्याकडच्या मालवणी जिभेलाही पटल्या. भरतीच्या पाण्याची भीती तर ऑक्टोबर 2020 पासून समुद्राचं पाणी अडवणारे मोसे प्रकल्पाचे दरवाजे उचलले जाऊ लागल्यानं बरीच कमी झाली आहे.

दोघंच असाल, पाठीवर एकेक सॅक असेल आणि संग्रहालयांचा कंटाळा असेल, तर खुशाल व्हेनिस घ्या. घरची मोठी माणसं बरोबर असतील तर मी फ्लॉरेन्सच म्हणेन. तिथून व्हेनिस दोन तासांवर आहे. बॅगा हॉटेलात टाकून सकाळी निघा, रात्री परत या. फक्त असं दिवसापुरतं जाणाऱ्यांना 2024 पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क लागू आहे, तेव्हा तारीख आधी तपासा. आणि मेस्त्रे आलं म्हणून घाईनं उतरू नका, सांता लुचिया त्याच्या पुढचं.